जूं उतरलें, शर्यत राहिली

चैत्र-वैशाखांत मावळांतील गांवोगांवच्या जत्रा सुरू झाल्या म्हणजे आमच्या टाकवे बुद्रुकच्या पारावर दुसरा विषय निघत नाहीं. कोणाचा गाडा कोणत्या घाटांत किती सेकंदांत वर गेला, कोणत्या बैलाचा पाय पुढच्या वर्षीं टिकेल, कोणाची घोडी ऐन वेळीं बुजली, याची चर्चा इतक्या बारकाईनें चालते कीं, एखाद्या नैयायिकानें कान देऊन ऐकावी. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस बैलगाड्याची शर्यत हा विषय या मासिकाच्या पानांत शोभणारा वाटणार नाहीं. सुशिक्षित घरांत या खेळाविषयीं दोनच मतें आढळतात. कोणी त्यास क्रौर्य म्हणून नाक मुरडतो, कोणी परंपरा म्हणून दुरून मान डोलावतो. आणि जवळ जाऊन पाहण्याचा प्रसंग दोघांवरहि सहसा येत नाहीं. म्हणूनच आज या विषयाचा दोन्ही अंगांनीं विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

ज्यांनीं ही शर्यत पाहिली नसेल त्यांच्यासाठीं तिचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. मावळ, खेड, आंबेगांव व जुन्नर या तालुक्यांत शर्यतीचें मैदान सपाट नसतें. चढावर एक लांब पट्टा मोकळा करून धांवेसाठीं तयार करितात. त्यासच घाट म्हणतात. हलक्या गाड्यास चार बैल जुंपतात. गाड्यावर हांकणारा नसतो. बैलांच्या पुढें एक स्वार घोडी भरधांव सोडतो व तिच्यामागें बैल उधळत जातात. प्रत्येक गाडा एकेकटा धांवतो, त्या धांवेस बारी म्हणतात, आणि नंबर सेकंदांवर ठरतो. सातारा-सांगलीकडे याहून निराळा प्रकार आहे. तिकडे सपाट रानांत चाकोऱ्या पाडून अनेक छकडे एकदम सोडतात व छकड्यावर हांकणारा बसतो. अलीबागेकडे तर समुद्राच्या ओल्या वाळूवर शर्यती होतात. खेड तालुक्यांतील निमगांव-दावडीच्या खंडोबासारख्या ठिकाणीं गाडा पळविणें हा नुसता खेळ नव्हे, तर देवाचा नवस फेडण्याचाहि एक मार्ग मानिला जातो.

हा खेळ अडाणी लोकांनीं मागाहून काढलेला आहे, असा समज असल्यास तो सोडून द्यावा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत एकशेंदोनावें सूक्त आहे तें मुद्गल ऋषीच्या शर्यतीचें. जुंवाच्या एका बाजूस बैल व दुसऱ्या बाजूस द्रुघण म्हणजे लांकडाचा सोटा जोडून त्यानें धांव जिंकली, असें यास्कानें निरुक्तांत सांगितलें आहे. आणि त्या रथावर सारथ्य करण्यास मुद्गलानी, म्हणजे ऋषीची पत्नी, होती असें सूक्तावरून दिसतें. शर्यतीला वेदांत 'आजि' असा स्वतंत्र शब्दच आहे. तेव्हां बैल जुंपून धांव लावण्याची हौस या देशांत निदान तीन हजार वर्षांची आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु परंपरेचे पुरस्कर्ते जेथें थांबतात तेथें आम्हांस थांबतां येत नाहीं, कारण त्याच वाङ्मयांत दुसरीहि एक कथा आहे. ऐतरेय ब्राह्मणाच्या चौथ्या पंचिकेंत देवांच्या शर्यतीचें वर्णन येतें. अग्नि खेंचरांच्या रथांतून धांवला, उषा तांबूस गाईंच्या रथांतून, इंद्र घोड्यांच्या रथांतून, आणि अश्विनीकुमार गाढवांच्या रथांतून. अश्विनांनीं शर्यत जिंकली. पण कथाकार तेथेंच थांबत नाहीं. अग्नीच्या दाहानें खेंचरी वांझ झाल्या, आणि ज्या गाढवांनीं विजय मिळवून दिला त्यांचा वेग कायमचा ओसरला, म्हणून सर्व वाहनांत गाढव मंद, असें तो सांगतो. विजय देवांस मिळाला व त्याची किंमत जनावरानें दिली, ही गोष्ट त्या प्राचीन ग्रंथकारानें लपविली नाहीं. आमच्या मतें या खेळाचा न्यायनिवाडा करण्यास मुद्गलाची कथा एकटी पुरत नाहीं. तिच्या शेजारीं ही दुसरीहि ठेविली पाहिजे.

आधुनिक काळीं हा निवाडा न्यायालयांत झाला, आणि तो एका दिवसांत झाला नाहीं. प्राण्यांना क्रूरपणें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. ज्या प्राण्यांना खेळ करावयास शिकवितां किंवा लोकांपुढें आणितां येत नाहीं, त्यांच्या यादींत केंद्र सरकारनें ११ जुलै २०११ रोजीं बैलाचें नांव घातलें. वाघ-अस्वलांच्या पंक्तीस बैल बसला, आणि मावळांतील शेतकऱ्यास प्रथमच कळलें कीं, आपल्या गोठ्यांतलें जनावर सरकारदरबारीं सर्कशींतलें ठरलें आहे! पुढें ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूंतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रांतील बैलगाडा शर्यतीहि बंद केल्या. बैल हा ओझें ओढणारा प्राणी आहे, घोड्याप्रमाणें धांवण्याकरितां त्याची शरीररचना नाहीं, हा त्या निकालांतील एक महत्त्वाचा मुद्दा होता. २०१६ च्या जानेवारींत केंद्रानें पुन्हा मोकळीक दिली, तिला न्यायालयानें कांहीं दिवसांतच स्थगिती दिली. २०१७ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें स्वतंत्र दुरुस्ती केली, तिचीहि अंमलबजावणी मुंबई उच्च न्यायालयानें रोखली. शेवटीं १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नियमांच्या मर्यादेंत शर्यतींस परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्याची तपासणी, धांवेच्या अंतरावर मर्यादा, काठी-चाबूक व विजेचा धक्का यांना बंदी, अशा अटी त्यांत आहेत.

येथें कोणी म्हणेल कीं, मग प्रश्न मिटला. कायदा अनुकूल आहे, घाट भरतात, गर्दी लोटते. या खेळाच्या भवितव्याची चिंता कशास? आमचें म्हणणें असें कीं, गर्दी हें आयुष्याचें लक्षण नव्हे. २०२२ च्या मे महिन्यांत पिंपरी-चिंचवडजवळ चिखली-जाधववाडी येथें मोठी शर्यत भरली. तींत ठेविलेल्या बक्षिसांत माती उकरण्याचें जेसीबी यंत्र होतें, मोटार होती, ट्रॅक्टर होता. यांत आयोजकांस नांवें ठेवण्यासारखें कांहीं नाहीं; शेतकऱ्यास जें उपयोगाचें तेंच त्यांनीं दिलें. परंतु बैलानें जिंकावें आणि बक्षीस म्हणून बैलाची जागा घेणारें यंत्रच घरीं यावें, याहून या खेळाची खरी स्थिति दुसऱ्या कशानें स्पष्ट होणार? शर्यतीचें झाड वरून बहरलेलें दिसतें, पण त्याचें मूळ ज्या जमिनींत होतें ती जमीनच सरकली आहे.

ती कशी, हें आमच्या अंदर मावळांत कोणासहि दाखवितां येईल. येथील शेती भाताची. ज्या इंद्रायणी तांदळाचा वास पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांत दरवळतो, तो वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत तयार होऊन १९८७ सालीं प्रसृत झाला. भातखाचरांत गुडघाभर चिखल करण्याचें काम, म्हणजे चिखलणी, बैलांवांचून होत नसे. आषाढांत पहांटेपासून खाचराखाचरांतून बैलांस घातलेल्या हांका ऐकूं येत. आतां त्याच खाचरांत पॉवर टिलरचा आवाज असतो. त्यास आम्ही दोष देत नाहीं; ज्याची कंबर चिखलांत मोडते त्यानें यंत्र घेतलें तर पुण्यांत बसून हळहळणाऱ्यानें त्यास उपदेश करूं नये. शिवाय कान्ह्याकडून टाकव्यापर्यंत कारखाने आले, तरुणांस पाळीची नोकरी मिळाली, आणि वर्षांतून जेमतेम महिनाभर कामास येणारी बैलजोडी बारा महिने पोसण्याचा हिशेब जुळेनासा झाला.

ही गोष्ट एकट्या मावळाची नाहीं. देशाच्या २०१९ च्या पशुगणनेंत गाईंची संख्या सुमारें साडेचौदा कोटी भरली व ती २०१२ पेक्षां शेंकडा १८ नें वाढली होती. परंतु त्याच जातीच्या नरांची संख्या शेंकडा ३० नें घटून पावणेपांच कोटींच्या आंत आली होती. दूध देणारी गाय राहिली आणि ओढणारा बैल गेला, असा या आंकड्यांचा सरळ अर्थ आहे. महाराष्ट्रांत २०१५ पासून बैलांच्या कत्तलीसहि बंदी आहे. तिच्या योग्यायोग्यतेचा वाद येथें नको. पण थकलेल्या बैलाचे पैसे होत नाहींत, म्हणून नवा बैल घेण्यास शेतकरी कचरतो, हा अनुभव कोणत्याहि बाजारांत ऐकूं येतो.

पूर्वीं शर्यतीचा बैल आणि शेताचा बैल यांत जमीन-अस्मानाचा फरक नव्हता. जो जोडी बाळगी तो जत्रेस ती पळवी; वर्षभर मान मोडून राबलेल्या जनावराचा तो एक दिवसाचा मिरवण्याचा सण असे. आतां नांगरास कधींच न जुंपलेले, केवळ धांवेसाठीं लाखों रुपयांस घेतलेले बैल घाटांत उतरतात. त्यांस दूध, अंडीं, उडदाचें पीठ असा खुराक लागतो, सांभाळण्यास माणूस लागतो, नेण्या-आणण्यास गाडी लागते. तो खर्च भाताच्या दोन खाचरांवर निघत नाहीं. जमीन विकून आलेल्या पैशावर, धंद्यावर किंवा निवडणुकीच्या हौसेवर निघतो. खेळ शेतकऱ्याचा म्हणावा, तर लहान शेतकरी त्यांत हळूहळू नुसता बघ्या झाला आहे.

उपयोग संपल्यावर उरलेल्या खेळाचें पुढें काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. तेथें दोन चाकांच्या हलक्या गाडीस घोडा जुंपून दुडक्या चालीनें शर्यत लावण्याचा खेळ एकोणिसाव्या शतकांत घरोघरीं प्रिय होता. त्याचें कारण असें कीं, डॉक्टर, वाणी, शेतकरी असा प्रत्येक गृहस्थ रोज घोडागाडींतून हिंडत असे, आणि रस्त्यांत दुसऱ्याच्या पुढें गाडी काढावी ही इच्छा मनुष्यमात्रास स्वाभाविकच आहे. त्या खेळांतूनच त्यांनीं घोड्याची एक नवी जात निर्माण केली. १८७९ सालीं नियम ठरला कीं, मैलभर अंतर अडीच मिनिटांत तोडणारा घोडा त्या जातीच्या प्रमाणास उतरला; म्हणून तिला प्रमाणित जात असें नांव पडलें. पुढें मोटार आली व रस्त्यावरचा घोडा गेला. खेळ पैजेच्या पैशावर तगला. १९४० सालीं न्यूयॉर्कजवळ रूझवेल्ट रेसवे निघाला. रात्रीं दिव्यांच्या उजेडांत तेथें हजारोंची गर्दी लोटे. तो १९८८ सालीं बंद पडला. त्यानंतर पुष्कळ ठिकाणीं या शर्यती जुगाराच्या यंत्रांच्या उत्पन्नांतून मिळणाऱ्या वांट्यावर जगूं लागल्या, कारण शर्यती चालविल्या तरच जुगारगृह चालवावयाचें, असे कायदे होते. फ्लोरिडांत २०२१ सालीं हें बंधन सुटलें, आणि १९६४ पासून चाललेलें तेथील पॉम्पॅनो पार्कचें मैदान २०२२ च्या एप्रिलांत शेवटची शर्यत लावून मिटलें. ज्या दात्यास खेळाशीं प्रेम नाहीं त्याच्या दानावर जगणाऱ्या खेळाचा शेवट एका सहीनें होतो. फ्रान्स व स्वीडन या देशांत हाच खेळ आजहि जोमांत आहे, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. म्हणजे मरण अटळ नाहीं, पण आधार कोणाचा घ्यावा हें पाहून घ्यावें लागतें.

आमच्या शर्यतीस जुगारगृहाचा आधार नाहीं. तिचा आधार पुढाऱ्यांच्या हौसेचा आहे. ही हौस आज आहे. उद्यां तीच गर्दी दुसऱ्या एखाद्या तमाशानें स्वस्तांत जमूं लागली, तर लाखों रुपयांची बक्षिसें कोण लावील? आणि बक्षीस बंद झालें म्हणजे ज्या बैलांस दुसरें कामच शिकविलेलें नाहीं, त्यांचें काय होईल? खरी चिंता आहे ती येथें.

शर्यतीमुळें देशी जातीचें रक्षण होतें, असें पुरस्कर्ते आग्रहानें सांगतात. हें म्हणणें अर्धें खरें आहे. खिलार ही सांगली, सातारा, सोलापुराकडील कोरड्या माणदेशी मुलखांतली, काटक व चपळ जात. तिची गाय दुधास बेताची. ती राखली जाते ती खोंडासाठीं. खोंडास भाव नसेल तर खिलार गाय कोणी पोसणार नाहीं, आणि आज तो भाव मुख्यतः शर्यतीमुळें आहे, हें नाकबूल करणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु सह्याद्रीच्या धो धो पावसांत, चिखलांत, चढउतारावर टिकणारी जात म्हणजे डांगी. तिच्या अंगांत वेग नाहीं, पण भातखाचरांत दिवसभर उभें राहण्याचा दम आहे. घाटांत डांगीस कोण विचारतो? मावळासारख्या पावसाळी मुलखास जें जनावर मानवतें त्याच्या राखणीस शर्यतीचा पैसा येत नाहीं. वेगाची कदर करणारा खेळ वेगाचेंच रक्षण करितो. कष्टाचें करीत नाहीं.

आतां क्रौर्याच्या आक्षेपाविषयीं. शेपटी पिरगाळणें, टोंचणें, विजेचा धक्का देणें, हे प्रकार पूर्वीं घडत होते म्हणूनच कायदा करावा लागला; परंपरेच्या नांवाखालीं त्यांवर पांघरूण घालणाऱ्याचा आम्ही निषेध करितों. ज्याचा बैल टोंचल्यावांचून पळत नाहीं त्याचा बैल हरला, एवढें साधें तत्त्व बैल पाळणाऱ्यांनींच मानिलें पाहिजे. पण आक्षेप घेणाऱ्यांसहि आमचें एक विचारणें आहे. ज्या बैलाची धांव पाहून आपणांस कळवळा येतो, तो बैल नाहींसा होतांना आपणांस कळवळा आला काय? गोठा रिकामा होणें हें कोणत्याहि कायद्याच्या यादींत बसणारें क्रौर्य नाहीं, म्हणून त्याविरुद्ध कोणी न्यायालयांत जात नाहीं. आम्हीं उभा जन्म शाळेंत घालविला. त्या काळीं बैलावर निबंध लिहावयास सांगितला तर मुलें जूं, शिवळा, जोतें, वेसण, कासरा हे शब्द न शिकवितां लिहीत. आज मावळांतल्या शाळेंतहि शिवळा म्हणजे काय हें फळ्यावर चित्र काढून सांगावें लागतें. वस्तु गेली कीं शब्द जातो, आणि शब्द गेल्यावर त्या वस्तूविषयीं दया कोणाच्या भाषेंत करावयाची?

मग करावें काय? आमची सूचना लहान आहे, पण अगदींच अव्यवहार्य नाहीं. घाटांतील बक्षिसांचा कांहीं वांटा वेगास न देतां बैल राखणाऱ्यास द्यावा. ज्याच्या दारीं कामाची जोडी आहे, ज्यानें गाय राखून खोंड वाढविला, ज्याचा थकलेला बैल अद्याप त्याच्याच गोठ्यांत गवत खात आहे, त्याचा मान जत्रेंत आधीं व्हावा. मावळाच्या जत्रांत डांगी जनावरांचें प्रदर्शन असावें. चिखलणीची स्पर्धा भरवावी, म्हणजे येथील जनावर येथील कामांत कसें दिसतें हें मुलांस पाहतां येईल. शर्यतींतून उतरलेल्या बैलाची पुढील सोय काय, हें नांव नोंदवितांनाच मालकानें लिहून द्यावें. असें झालें तर शर्यत ही बैलांच्या वर्षाचा एक दिवस राहील. न झालें तर बैल हे शर्यतीच्या दिवसाचें एक सामान होतील.

वाजपेय यज्ञांत सतरा रथांची धांव सांगितली आहे. त्या धांवेंत यजमानाचाच रथ पुढें यावयाचा, हें आधींच ठरलेलें असतें. एके काळीं जी खरी चुरस असेल ती कर्मकांडांत जाऊन बसली; विधि राहिला, स्पर्धा गेली. आमच्या बैलगाड्याचेंहि तसेंच होऊं शकेल. पन्नास वर्षांनीं नवसापुरता एखादा गाडा घाट चढेल, आणि तो कशासाठीं हें पुरोहितासहि सांगतां येणार नाहीं. त्यापेक्षां वाईट असें कीं, गर्दी व पैसा टिकून राहील आणि बैल मात्र घाटापुरता उरेल.

शहरांतील आमच्या वाचकांच्या घरीं पोळ्याच्या दिवशीं मातीचे बैल पुजले जातात. ही चाल चांगली आहे; ती मोडूं नये. मात्र पुढच्या पोळ्यास मुलाबाळांस घेऊन मावळांत, जुन्नरांत किंवा जेथें कोठें खरी जोडी सजविली जात असेल तेथें एकदां जावें. त्या घरधन्यास, 'बैल ठेवणें तुम्हांस कसें परवडतें?' हें विचारावें, आणि त्याचें उत्तर मध्येंच न तोडतां ऐकावें. बैलगाडा असावा कीं नसावा याविषयीं मत देण्याचा अधिकार त्यानंतर येतो, असें आम्हांस वाटतें.